कुऱ्हाडीचं कार्ड

समोरचा बोलता बोलता अडला की त्याला शब्द पुरवायचा, ही माझी खोड. शब्दकोशाच्या कचेरीत एकोणीस वर्षं काढल्यावर ती कुठली सुटायला! जित्याची खोड, मेल्याशिवाय जायची नाही.

घरात मात्र ती महागात पडत होती. सात महिन्यांपूर्वी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. चाळीस वर्षं लाकडाची वखार चालवलेला, भल्याभल्यांना बोलण्यात गुंडाळणारा माणूस "ते... ते..." इथे येऊन थांबायचा. लगेच मी म्हणायची, "पाणी?" सासूबाई म्हणायच्या, "चष्मा?" ते मान हलवायचे, आमचं काम व्हायचं. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई गेल्या खेपेला चिडल्याच. "तोंडचा घास काढावा तसा तोंडचा शब्द काढून घेता तुम्ही. ते स्वतः बोलले नाहीत, तर उरलंसुरलंही जाईल." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि बाहेर येऊन पुन्हा तेच केलं.

तेवढ्यात कुऱ्हाड आली. आमच्या कचेरीत प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असतं, आणि एक रीत आहे: हत्याराचं कार्ड ते हत्यार चालवलेल्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय छापायला जात नाही. साहेब म्हणाले, "जाणकार तर तुमच्या घरातच आहे."

"त्यांना बोलता येत नाही हो."

"ऐकू येतं ना?"

रविवारी सकाळी बाबांसमोर खुर्ची ओढली. सासूबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या.

मी व्युत्पत्तीपासून सुरुवात केली. संस्कृतातला कुठार, तो प्राकृतात झिजला, लोकांच्या तोंडी कुऱ्हाड झाला. 'कुठ' म्हणजे झाड, त्यावरून कुठार, असं काही जुने पंडित सांगतात. बाकीच्यांना ते पटत नाही. बाबा खिडकीबाहेर बघत होते. पंडितांशी त्यांचं कधीच देणंघेणं नव्हतं. मग म्हणी आणि वाक्प्रचार. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ऐकून ते ओठांच्या एका कोपऱ्यातून हसले. धाकट्या भावाची आठवण झाली असावी. 'कुऱ्हाड कोसळणे : अचानक मोठे संकट येणे' हे वाचताना माझाच आवाज पडला. त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. मी घाईघाईने पुढे गेले.

"रचना. पोलादी पात्याच्या मागच्या भोकाला नेढे म्हणतात. नेढ्यात लाकडी दांडा घालून तो खिळा ठोकून पक्का करतात."

टेबल दणकलं. डावा हात होता.

"खि... खिळा?"

"हो. का?"

"न... नाही! ते... ते..."

सासूबाईंनी सुरी ठेवली आणि तोंड उघडलं. मी हात वर करून त्यांना गप्प केलं. खरं सांगायचं तर यात माझा काही मोठेपणा नव्हता. खिळा नाही तर मग काय, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. जन्मात कधी कुऱ्हाड उचलली नव्हती, आणि तिच्यावर अर्धं पान लिहून बसले होते!

मी पेन्सिल धरून बसले. बाबांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. ओठ मिटायचे, फुटायचे, आवाज निघायचा नाही. कुकरची एक शिटी झाली. दुसरी झाली.

"पा... पाचर."

पाचर! मला ती फक्त दुसऱ्याच्या कामात मारायची म्हणून ठाऊक होती.

"लाकडाची," ते म्हणाले. थांबले. मीही थांबले. "सुकी. खिळ्यानं... दांडा चिरतो. पातं उडतं."

"बाप रे. कोणाला लागलं म्हणजे?"

"तु... तुझ्या साहेबाला."

सासूबाई हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसल्या. मी खिळ्यावर काट मारली आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. चार ओळींना तास लागला. कुकरातला भात करपला, पण कोणी उठलं नाही. शेवटी बाबा घामाघूम होऊन मागे टेकले. आजपुरतं पुष्कळ झालं, असं म्हणून मी कार्ड पिशवीत घातलं.

"क... करवत?" बाबा म्हणाले.

सात महिन्यांत त्यांनी स्वतःहून मला विचारलेली ही पहिली गोष्ट.

"ती झाली बाबा. मीच लिहिली. गेल्या महिन्यात पासही झाली."

"कोणाला... दाखवली?"

मी पिशवीचे बंद आवळू लागले. खरं म्हणजे वेळ नव्हता म्हणून एका सुताराला फोनवर अर्धीमुर्धी ऐकवली होती, आणि सही मारून मोकळी झाले होते.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वखारीत ओलं लाकूड सुकं म्हणून खपवणाऱ्याकडे पाहत असतील. मग सरळ होऊन बसले, डाव्या हाताने टेबल थोपटलं आणि एका दमात, कुठेही न अडता म्हणाले, "उद्या घेऊन ये."