मगरीची खुर्ची

ड्रोन पुन्हा खाली आला तेव्हा उथळ पाण्यातल्या बायका ओरडल्या नाहीत. मुकाट्याने गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या आणि हातांनी डोकी झाकून घेतली. उंच खुर्चीवर बसलेल्या जीवरक्षकाला ड्रोनइतकाच त्यांचाही राग आला. एकीने तरी ओली चप्पल भिरकावावी की नाही?

त्याने शिट्टी फुंकली. तलावाच्या काठावरच्या सगळ्या माना वळल्या, फक्त एक सोडून. झाडाच्या सावलीत घडीची खुर्ची मांडून, डोक्यावर टोपी घालून बसलेले दातांचे डॉक्टर हातातल्या रिमोटच्या पडद्यात डोकं खुपसून बसले होते. दोन्ही अंगठे खालीवर चालले होते. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावणारा हा माणूस रविवारी त्यांच्या डोक्यावरून डोकावतो, असं जीवरक्षक सहकाऱ्यांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

तसा तो कुणालाच चांगलं म्हणत नसे. पाण्यात उतरला की माणसाची लायकी कळते असं त्याचं मत होतं आणि वीसेक वर्षं त्या खुर्चीवर बसून ते पक्कं होत गेलं होतं. काही जण पोट आत ओढून ऐटीत उतरायचे आणि कमरेइतक्या पाण्यात गटांगळ्या खायचे. काही आया पोराला पाण्यात सोडून फोनमध्ये तोंड घालून बसायच्या. या सगळ्यांना बुडण्यापासून वाचवायचं म्हणजे पाण्यावर अन्याय आहे, असं तो म्हणे. मात्र गेल्या वीस वर्षांत त्याच्या पाळीत कुणी बुडालं नव्हतं. दिवसभर न हलता पाण्याकडे डोळे लावून बसायचा म्हणून पोहणारे त्याला पाठीमागे 'मगर' म्हणत. त्याला ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

घड्याळवाले काका रोजचे. दुकान मुलीच्या नावावर करून मोकळे झालेले. खोल पाण्याच्या अलीकडे दोर लावलेला असे, त्याच्या कडेकडेने ते हळूहळू जात आणि तसेच परत येत. मान वर, हात पाण्याखाली, तोंडाने फुर्रफुर्र. "काका, हे पोहणं नाही, हे पाणी ढवळणं झालं," असं मगरीने त्यांना कितीदा तरी ऐकवलं होतं. काका हसायचे आणि दुसऱ्या दिवशी परत ढवळायला यायचे.

डॉक्टरांशी पहिलं बोलणं उन्हाळ्याच्या सुरुवातीला झालं होतं, आणि मगरीच्या मानाने ते फार सभ्य होतं. त्याने डॉक्टरांना फाटकाजवळच्या पाटीपाशी नेलं. ड्रोन माणसांच्या डोक्यावरून नेऊ नये, नजरेआड जाऊ देऊ नये, पोहण्याच्या जागेपासून लांब ठेवावा, त्यावर नोंदणीचा क्रमांक असावा, असं सगळं पाटीवर लिहिलं होतं. डॉक्टरांनी ती वाचली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की हे नियम धंदेवाल्यांसाठी असतात, आपली नुसती हौस आहे. शिवाय आपलं यंत्र इतकं हलकं आहे की त्याला नियमच लागू होत नाहीत. मगर म्हणाला, वरून डोक्यात पडलेला वरवंटा काय आणि फिरती पाती काय, टाके घालणारा वजन विचारत नाही. डॉक्टरांनी त्याच्याकडे पेशंटकडे बघावं तसं पाहिलं आणि छान दात दाखवून हसत निघून गेले.

मग मगरीने तलाव विभागाच्या अधिकारीबाईंकडे तक्रार केली. त्यांनी सांगितलं की आकाश आपल्याकडे येत नाही, आपल्याकडे पाणी येतं. पोलीस म्हणाले, तलाव आमच्याकडे नाही. अशा रीतीने तलाव आणि आकाश यांच्या मधल्या हवेत डॉक्टर दर रविवारी सुखाने उडवत राहिले.

त्या रविवारी शिट्टीचा उपयोग झाला नाही, तेव्हा मगर खुर्चीवरून उतरला.

खुर्ची रिकामी सोडायची तर आधी दुसऱ्या जीवरक्षकाला हाक मारून बसवायचं, हा तिथला पहिला नियम. नव्या पोरांना तो स्वतः हाच नियम शिकवायचा. सहकारी होड्यांपाशी उभा होता, हाकेच्या अंतरावर. मगरीने हाक मारली नाही. ताडताड वाळू तुडवत तो झाडाखाली गेला, पाण्याकडे पाठ करून उभा राहिला आणि डॉक्टरांना जे काही उन्हाळाभर सुनावायचं राहिलं होतं ते सुनावायला लागला. आजूबाजूचे लोक ऐकत होते. ते ऐकताहेत म्हणून त्याला आणखी सुचत होतं.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी पडदा त्याच्यासमोर धरला. "अहो, रागावण्याआधी बघा तरी एकदा. किती सुंदर दिसतो तुमचा तलाव."

मगरीने बघितलं. हिरवंगार पाणी, त्यावर दोराची बारीक रेघ, रंगीत ठिपक्यांसारखी माणसं. आणि दोराला लागून एक फिकट, लांबट काहीतरी, जे हलत नव्हतं.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

मगर तोवर पळत सुटला होता. पाण्यात त्याने अंग टाकलं, काकांना पालथं तरंगताना धरलं, उलटं केलं, हनुवटी वर ठेवून काठावर ओढून आणलं. छाती दाबत राहिला. माणसं गोळा झाली, कुणी रडायला लागलं, कुणी त्याच्या खांद्यावरून वाकून फोन धरला. त्याला काहीच दिसत नव्हतं. दोन तळव्यांखालची म्हातारी छाती तेवढी कळत होती. बऱ्याच वेळाने काकांनी खोकून पाणी ओकलं आणि श्वास घेतला. रुग्णवाहिका आली आणि त्यांना घेऊन गेली.

एवढ्या वेळात डॉक्टरांनी ड्रोन खाली उतरवला नव्हता. तो सगळ्यांच्या डोक्यावर घोंघावत होता आणि चित्रण करत होता. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. वरून घेतलेलं दृश्य: पाण्यात बुडणारा म्हातारा, बाजूला रिकामी उंच खुर्ची, मग धावत येणारा माणूस. खाली मथळा होता, 'ड्रोनने वाचवला जीव'. त्याखाली हजारो लोकांनी डॉक्टरांचं अभिनंदन केलं होतं, आणि जीवरक्षक त्या वेळी कुठे झोपा काढत होता असं विचारलं होतं. ड्रोन तिथे होता म्हणूनच खुर्ची रिकामी होती, हे चित्रात कुठे दिसत नव्हतं.

अधिकारीबाईंनी त्याला बोलावून घेतलं. चौकशी करणं भाग आहे, त्या म्हणाल्या, पण मार्ग निघेल. डॉक्टरांचा सत्कार ठरला होता. त्या कार्यक्रमात मगरीने स्टेजवर येऊन, ड्रोन आणि जीवरक्षक यांनी मिळून काकांना वाचवलं, असं सांगायचं. डॉक्टरही खूश, विभागही खूश, आणि त्याची खुर्ची जिथल्या तिथे.

घरी त्याने हे बायकोला सांगितलं, नकला करून. अधिकारीबाईंचा आवाज काढला, डॉक्टरांचं हसू काढलं. बायको कपडे दुरुस्त करून द्यायची. मशीनवर कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसली होती. ती हसली नाही. म्हणाली, चार शब्द बोलून टाक आणि मोकळा हो, जगात तू एकटाच शहाणा नाहीस. तो म्हणाला, त्या दातकोरण्याच्या शेजारी उभा राहून दात काढण्यापेक्षा घरी बसेन. मग ती मशीन थांबवून म्हणाली, "एक विचारू? तू उठलास तो बायांसाठी उठलास, की त्याला चारचौघांत झाडायचं होतं म्हणून?"

तो मोरीत जाऊन उगाचच हातपाय धूत राहिला. त्याला आठवत होतं, वाळूवरून झाडाकडे जाताना आपल्याला किती बरं वाटत होतं ते. सहकाऱ्याला हाक मारण्याइतकाही वेळ त्याला त्या आनंदातून काढायचा नव्हता.

चौकशीच्या दिवशी लांब टेबलापलीकडे अधिकारीबाई आणि आणखी दोघे बसले होते. त्यांच्यापैकी एकालाही पोहता येत नसणार, हे त्याने आत शिरताच ठरवून टाकलं. त्याला काय सांगायचं आहे ते विचारल्यावर तो म्हणाला, "खुर्ची मी सोडली, ती माझी चूक. हाक मारली नाही, तीही माझीच. पण ते यंत्र माणसांच्या डोक्यावर होतं. तेही लिहा."

अधिकारीबाई म्हणाल्या की तो या चौकशीचा विषय नाही.

"मग माझंच लिहा," तो म्हणाला. "सत्काराला मी येणार नाही."

सत्कार त्याच्याशिवाय झाला. डॉक्टरांना मानचिन्ह मिळालं, छातीवर लावायला 'जलसुरक्षा सहायक' असा बिल्ला मिळाला आणि तलावावर कधीही ड्रोन उडवायची मुभा मिळाली. भाषणात त्यांनी सांगितलं की आपण फक्त आपलं कर्तव्य केलं. पाटीवरच्या नियमांवर डॉक्टरांच्या हसऱ्या चेहऱ्याचं पोस्टर लागलं. त्याने गावातल्या हौशी लोकांना चेव आला. पुढच्या काही रविवारी तलावावर इतके सहायक घोंघावायला लागले, की दोन ड्रोन एकमेकांवर आदळून एका कुटुंबाच्या जेवणाच्या डब्यांत पडले. त्यांच्या थोरल्या मुलीच्या कपाळाला टाके पडले. त्याची चौकशी झाली नाही. वारा होता, असं ठरलं.

मगरीला कपडे बदलायच्या खोल्यांवर टाकलं. कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या, घ्यायच्या, नहाणीच्या जाळीत अडकलेले केस काढायचे. तिथून पाणी दिसत नव्हतं, आवाज तेवढे यायचे. आधी तो लोकांना पोहण्यावरून बोलायचा, आता टॉवेलावरून बोलायला लागला. खुर्चीवर एक नवीन पोरगा आला होता. तो चांगला होता, हे मगर कुणाशी कबूल करणार नव्हता.

उन्हाळा सरत आला तेव्हा घड्याळवाले काका आले. एकटे नाही, मुलीच्या हाताला धरून. दवाखान्यातून परतल्यापासून ते बारीक झाले होते आणि बोलताना मध्येच थांबून आपण काय बोलत होतो ते शोधत. मुलगी खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाली, बाबांनी तलावाचा ध्यास घेतलाय, पण पाणी बघितलं की थरथरतात. मला पोहता येत नाही, तुम्ही जरा पाय बुडवण्यापुरते न्याल का? त्या दिवशी काय झालं हे तिला सगळं ठाऊक होतं. तिने त्याला ना दोष दिला होता, ना त्याचे आभार मानले होते.

मगरीने किल्ल्यांचा जुडगा झाडणाऱ्या मावशींकडे दिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काकांचा दंड धरला. दोघं हळूहळू पाण्याच्या कडेला आले. पहिली लाट बोटांना लागली तसे काका थांबले. त्याने घाई केली नाही. मुलगी मागे चपला हातात घेऊन उभी होती.

घोट्याइतक्या पाण्यात आल्यावर काकांनी तलावावर नजर फिरवली आणि त्याच्याकडे ओळख नसल्यासारखं, पण प्रेमाने पाहिलं.

"मी इथे बुडालो होतो," ते म्हणाले. "दातांच्या डॉक्टरांनी वाचवलं. उडी टाकून काढलं म्हणतात मला. देवमाणूस."

मुलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मगरीने तिच्याकडे बघून नको अशी मान हलवली.

"हो काका," तो म्हणाला. "आता दुसरा पाय. इथे वाळू घट्ट आहे."

काकांनी दुसरा पाय पुढे टाकला. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. दंडावरचा हात तसाच होता.