बेटावरच्या मशीनने घेतलेलं पत्र

फिनलंडमधल्या औलूच्या आमच्या विद्यापीठातून पक्षी पाहणाऱ्यांच्या एका यादीला ई-मेल जायची. यादीत तीस हजार पत्ते. सर्व्हर एकेकाला पत्र द्यायचा, आणि एखादं मशीन उत्तर देईना की मागचे सगळे ताटकळायचे. दुर्मिळ पक्षी आल्याची बातमी पोचेपर्यंत पक्षी कधीच उडून गेलेला असायचा.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या तूलिक्कीने हे काम हाती घेतलं. एका मशीनवरचे सगळे पत्ते तिने एकत्र बांधले, म्हणजे तिथल्या दोनशे जणांसाठी पत्राची एकच प्रत जाईल. पन्नास ठिकाणी एकदम पत्रं सुटतील असं केलं. न बोलणाऱ्या मशीनांना वेगळ्या रांगेत बसवलं.

त्या रांगेत किनाऱ्यासमोरच्या एका बेटावरचं पक्षीकेंद्र होतं. तिथला निरीक्षक उर्हो दोन वर्षांपूर्वी गोठलेल्या समुद्रावरचं बर्फ फुटून बुडाला. तेव्हापासून केंद्र बंद, मशीन जोडणारी फोनची तारही काढलेली.

"हे नाव काढून टाकते," ती म्हणाली.

यादी सांभाळणारा म्हातारा आर्वो कॉफी पीत बसला होता. उर्हो त्याचा जुना सोबती. "राहू दे गं. मेलेला माणूस तुझी अशी किती जागा अडवणार आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पहिलं पत्र सोडलं. बावीस मिनिटांत सगळीकडे पोचलं. वेगळी रांगसुद्धा रिकामी झाली. तिला ते पटेना. तिने नोंदी उघडल्या. बेटापुढे लिहिलं होतं: स्वीकारलं.

तिने फोन कंपनीला केंद्राच्या नंबराबद्दल विचारलं. तो नंबर दोन वर्षं कुणाकडेच नव्हता.

तेवढ्यात यादीसाठी एक पत्र आलं. बेटावरून. "अकरा हंस. वारा उत्तरेचा. बर्फ पातळ आहे, दक्षिणेकडून येऊ नये."

आर्वोने ते दोनदा वाचलं.

"कुणीतरी चावटपणा करतंय," तूलिक्की म्हणाली. "दक्षिणेकडून बर्फावरून जाणार तरी कोण?"

"मी. उद्या. उर्होच्या वह्या आणायला," आर्वो म्हणाला. "कुणाला बोललो नव्हतो."

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं किनाऱ्यावर उभे होते तेव्हा बेटाच्या दक्षिणेचं बर्फ कडाडून फुटलं आणि सुटून समुद्रात वाहत गेलं. मोकळ्या पाण्यात हंस उतरले. आर्वोने दुर्बीण डोळ्याला लावली, ओठ हलवत मोजले, आणि दुर्बीण तिच्याकडे न देताच खाली घेतली.

जूनमध्ये तो होडीने जाऊन वह्या घेऊन आला. मशीनची तार भिंतीपाशी कापलेली होती, आत उंदरांनी घर केलं होतं, असं त्याने सांगितलं. त्यानंतर त्या बेटाने एकही पत्र घेतलं नाही.

शरदात तूलिक्कीने यादीचं काम दुसऱ्याकडे दिलं. इतकं सुरळीत चाललेलं काम का सोडलंस, असं मी विचारलं.

"सकाळी आले आणि ती रांग रिकामी दिसली," ती म्हणाली, "तर मला नोंदी उघडायचा धीर होणार नाही."