दुरुस्तीला आलेला माणूस

गोरेगावच्या बाजारगल्लीत गौसियाच्या शिलाईच्या दुकानामागं पत्र्याचं एक शेड आहे. दर रविवारी तिथं 'फेकू नका मंडळ' बसतं. गावाचा कचरा कमी करायचा असेल तर वस्तू उकिरड्यावर जाण्याआधी दुरुस्त झाली पाहिजे, एवढंच या मंडळाचं म्हणणं. मंडळ तरी काय, तिघांचं. फाटलेलं गौसिया शिवते, वायरिंग आणि वेल्डिंग अजीज बघतो, आणि पोस्टातून रिटायर झालेले सूर्यकांतराव नियम बघतात. नियम त्यांचेच. दारावरच्या पाटीवर त्यांनी ते रंगवून घेतले आहेत: काहीही आणा. काम नंबराप्रमाणे होईल. दुरुस्त झाल्याशिवाय परत मिळणार नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी शकुबाई आली. हात मोकळेच होते. मागोमाग तिचा नवरा पुंजाजी आला आणि दारातच उभा राहिला.

"काय आणलं मावशी?" गौसियानं मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"हे," शकुबाई म्हणाली.

गौसियानं मान वर केली. "मामाला काय झालं?"

"बंद पडले."

पुंजाजीला गावात न ओळखणारं कोणी नव्हतं. जीपस्टँडवर पुकारा करण्यात त्याची उमर गेली होती. सेनगावची जीप कुठली, हिंगोलीची कुठली, कोणती आधी सुटणार, हे लोक त्याच्या आवाजावरून ठरवायचे. मग उन्हाळ्यात मुन्ना ड्रायव्हरनं तोच आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला, एका स्पीकरमध्ये भरला आणि स्पीकर जीपच्या टपावर बांधला. दुसऱ्या दिवशी पुंजाजी स्टँडवर गेला तेव्हा त्याचा आवाज आधीच कामाला लागलेला होता. तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि घरी आला. त्यानंतर तो कोणाशी बोललाच नाही.

"डॉक्टरला दाखवलं?" अजीजनं विचारलं.

"दाखवलं. गळा बराबर हाय म्हणे. मंग आता तुमच्याकडं आणलं."

अजीज सवयीनं पुंजाजीभोवती एक फेरी मारून आला. "पडले बिडले होते का? आत पाणी गेलं का?"

"न्हाई."

"मावशी, आमी पंखे, मिक्सर करतो," गौसिया म्हणाली. "माणसाचं आमाला काय जमणार?"

शकुबाईनं पाटीकडं बोट केलं. सूर्यकांतरावांनी चष्मा लावून स्वतःचीच पाटी पुन्हा वाचली.

"काहीही आणा, असं लिहिलंय," ते म्हणाले. "माणूस सोडून, असं लिहिलेलं नाही. घ्यावं लागेल."

त्यांनी एक चिठ्ठी केली. नाव, पुंजाजी. बिघाड, आवाज. चिठ्ठी दोऱ्यानं पुंजाजीच्या सदऱ्याच्या गुंडीला बांधली आणि त्याला बाकावर बसवलं, एका बाजूला कुलर, दुसऱ्या बाजूला हँडल तुटलेली इस्त्री.

"डबा मी आणून देत जाईन," शकुबाई म्हणाली. "सकाळी चहा लागतो. बाकी त्याह्यची तकलीफ न्हाई." आणि ती निघून गेली.

पुंजाजी तिथंच राहिला. झोपायला गौसियानं खाट टाकून दिली. ज्येष्ठमध झाला, वाफ झाली, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. तो सगळं मुकाट्यानं करायचा आणि चिठ्ठी सरळ करून पुन्हा बाकावर बसायचा. कुलर दुरुस्त होऊन गेला, इस्त्री गेली. नवीन वस्तू आल्या आणि त्याच्यामागं नंबर लावून राहिल्या. गिऱ्हाइकं आत येताना त्याला नमस्कार करायची आणि जाताना हळूच विचारायची, "याह्यचा पार्ट आला न्हाई का अजून?"

पुढच्या रविवारी मुन्ना आला. बगलेत स्पीकर.

"सकाळपासून बंद हाय. लवकर करून द्या, लाइन खोळंबली."

अजीजनं मागचं झाकण उघडलं. "वायर सुटली. दोन मिनिटाचं काम हाय."

"नंबरानं," सूर्यकांतराव म्हणाले.

"आता नंबर कोणाचा हाय?"

सूर्यकांतरावांनी बाकाकडं हात केला. मुन्नानं तिकडं पाहिलं. पुंजाजीही त्याच्याकडंच पाहत होता. सूर्यकांतरावांनी स्पीकरलाही चिठ्ठी बांधली, आणि मुन्ना तो तिथंच ठेवून गेला.

स्टँडवर आता आवाजच उरला नाही. पुंजाजीच्या आवाजावर गाव इतकं विसंबलं होतं की जीपच्या काचेवरचं नाव वाचायची सवय कोणालाच नव्हती. हिंगोलीला कोर्टाच्या तारखेवर निघालेला माणूस सेनगावला उतरला. सेनगावला बियाणं आणायला निघालेली बाई हिंगोलीत बांगड्या भरून आली. पोरगी पाहायला निघालेले एका घरचे चौघं भलत्याच गावी उतरले, दिसलेल्या घरी बसले, पोहे खाल्ले आणि पोरगी पसंत करून आले. ज्यांच्याकडं जायचं होतं ते संध्याकाळी गोरेगावात भांडायला आले. तेसुद्धा चुकीच्या जीपमध्ये बसल्यामुळं उशिरा पोचले.

मग लोक शेडपुढं जमायला लागले, आणि मंडळाला रोजच बसावं लागलं. जो तो पुंजाजीसमोर उभा राहून "सेनगाव, सेनगाव" म्हणून दाखवायचा, विसरलेलं आठवावं म्हणून. पुंजाजी प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा.

"काका, एक वायर हाय फक्त," अजीज रोज म्हणायचा.

"अजीज, आज याची वायर आधी लावली, तर उद्या कोणाला काय सांगशील?"

शेवटी गौसियानं मशीन थांबवली. "काका, चिठ्ठीवर बिघाड काय लिहिला?"

"आवाज."

"स्पीकरच्या चिठ्ठीवर?"

"आवाज."

"आवाज कोणाचा?"

सूर्यकांतरावांनी पुंजाजीकडं पाहिलं, मग स्पीकरकडं.

"दोघाचा आवाज एकच हाय, तर मंग बिघाड बी एकच," गौसिया म्हणाली. "नंबर दोन काहून दिले?"

सूर्यकांतरावांनी स्पीकर बाकाशी आणला आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी धरून वाचल्या. पोस्टात त्यांनी असे पेच पाहिले होते. मग त्यांनी स्पीकरची चिठ्ठी फाडली, पुंजाजीच्या गुंडीचा दोरा लांबवला आणि स्पीकरला बांधला.

अजीजनं वायर जोडली आणि बटण दाबलं.

"चला सेनगाव, सेनगाव, सेनगाव," स्पीकर ओरडला. "निघाली, निघाली, निघाली."

"न्हाई निघाली," पुंजाजी म्हणाला.

अजीजनं बटणावरचं बोट काढून घेतलं.

"एकच शीट बाकी, एकच शीट," स्पीकर म्हणाला.

"कुठली एक? मागचं सगळं रिकामं हाय," पुंजाजी म्हणाला. त्याचा आवाज खरखरीत झाला होता, पण रोख जुनाच होता. "त्या म्हातारीला काहून घाई करून राहिला? तिला चढू तर दे."

स्पीकरनं पुन्हा सुरुवात केली. पुंजाजी बाक ओढून त्याच्यासमोर बसला आणि प्रत्येक वाक्याला उत्तर देत गेला. गौसियानं पोराला पाठवून शकुबाईला बोलावून घेतलं. ती पदराला हात पुसत आली आणि दारातूनच ऐकायला लागली.

"घेऊन जा," सूर्यकांतराव म्हणाले. "दुरुस्त आहेत."

"काका, हे डब्याशी बोलून राहिले," अजीज म्हणाला. "माणसाशी बोलले तर दुरुस्त."

हे सूर्यकांतरावांना पटलं. त्यांनी शकुबाईला चाचणी घ्यायला सांगितली. ती पुढं झाली, पण काय विचारावं ते तिला सुचेना.

"जेवले का?" ती म्हणाली.

"निघाली, निघाली," स्पीकर म्हणाला.

"थांब रे जरा, बाई बोलून राहिली," पुंजाजीनं त्याला दटावलं. मग तो शकुबाईकडं वळला. "जेवलो. भाजीत मीठ कमी व्हतं."

"आजच्या?"

"न्हाई. मंगळवारच्या."

शकुबाई खाली बसली. रडणं आणि हसणं दोन्ही एकदमच आलं, आणि गौसियानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

सोमवारपासून पुंजाजी आणि स्पीकर दोघंही स्टँडवर कामाला लागले. मुन्नाला वाटलं, दुप्पट पुकारा होईल. पण स्पीकर म्हणायचा निघाली आणि पुंजाजी म्हणायचा, चहा पिऊन या, लय वेळ हाय. लोक पुंजाजीचं ऐकायचे. काही जण तर कुठं जायचं नसताना नुसते दोघांचं ऐकायला यायचे आणि जीपच्या शीटवर बसून घ्यायचे.

मुन्ना मंडळाकडं आला. "दोघातला एक परत घ्या," तो म्हणाला.

"बिघाड काय?" सूर्यकांतरावांनी विचारलं.

"बिघाड काहीच न्हाई. दोघंबी बराबर चालून राहिले."

"मग घेता येत नाही."

मुन्नानं स्पीकर टपावरून काढला आणि शीटखाली सरकवून दिला. पुंजाजी एकटाच पुकारा करू लागला. आता तो खरं तेवढंच सांगायचा, त्यामुळं जीपा उशिरा सुटायच्या, पण माणसं हव्या त्या गावी पोचायची.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी शकुबाई पिशवी घेऊन स्टँडवर आली आणि सरळ हिंगोलीच्या जीपमध्ये खिडकीशी बसली.

"कुठं?" पुंजाजीनं विचारलं.

"औंढ्याला. नागनाथाला. हिंगोलीहून यष्टी हाय म्हणे."

"एकटी?"

"जिंदगीभर लोकायला बसवलं तुमी. मला एकदा बी बसवलं न्हाई. म्हणून आज मीच बसले." तिनं पिशवी बाजूच्या जागेवर ठेवली होती. एक माणूस तिथं टेकायला लागला तर तिनं पिशवी हलवली नाही.

"पुकारा कोण करील?"

"मुन्ना करील. त्याला तोंड हाय."

पुंजाजीनं स्टँडकडं पाहिलं, मुन्नाकडं पाहिलं. मग टोपी सारखी केली, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसला.

जीप गावाबाहेर पडली. हरभऱ्याची शेतं मागं जाऊ लागली आणि रस्त्याच्या कडेला घरं दिसली. पुंजाजी खिडकीपाशी झुकला.

"हे कोणतं गाव?" त्यानं विचारलं.

शकुबाई त्याच वाटेनं पायी, एकटीच माहेरी जायची; पुंजाजी स्टँड सोडून कधी गेलाच नव्हता. तिनं त्याच्या पुकाऱ्यातलंच एक नाव सांगितलं.

"अस्सं असतंय व्हय ते," पुंजाजी म्हणाला. मग पुढच्या गावाचं विचारलं.