तिसरं बटन

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि सुकेशनीचा हात कीबोर्डवरच थांबला. घर इतकं गप्प होतं, की तेवढ्या आवाजानंही झोपलेली लेक, यशू, उठेल असं तिला वाटलं. तिनं पळत जाऊन गॅस बंद केला. दूध ओट्यावर येता येता राहिलं. यशूनं नुसती कूस बदलली आणि गोधडी लाथाडली. ती सारखी करून सुकेशनी परत खुर्चीशी येते तोवर फोन थरथरायला लागला होता.

“मॅडम, ते तुमचं दोन बटनाचं जमंना झालंय.” बन्सीधर सर होते, संस्थेच्या कार्यालयाचे व्यवस्थापक.

गंगाखेडच्या त्या संस्थेच्या शाळांमध्ये कुठलाही कार्यक्रम करायचा, तर त्याची परवानगी आता कॉम्प्युटरवरून घ्यायची असं ठरलं होतं. ती वाट आखून द्यायचं काम घरबसल्या सुकेशनीला मिळालं होतं. शिक्षकानं स्क्रीनवरच्या बोर्डावर कार्यक्रमाचं कार्ड टाकायचं. ते मुख्याध्यापिकांकडं जाणार, तिथून सचिवांकडं. प्रत्येकापुढं दोनच बटनं, मंजूर आणि नामंजूर. यशूच्या दुपारच्या झोपा जोडून जोडून तिनं हे उभं केलं होतं, आणि सडा टाकलेल्या अंगणाकडं बघावं तसं ती अधूनमधून त्याच्याकडं बघत बसायची.

“जमत नाही म्हणजे नेमकं काय, सर?”

“कुणी दाबंनाच झालंय. मंजूर दाबलं अन् उद्या काही झालं, तर जबाबदारी येती. नामंजूर दाबलं तर वाईटपणा. सगळी आपली सोयरीधायरीची माणसं. उद्या त्याच्याच पोरीच्या लग्नात पंगतीला बसायचंय की.”

“पण करायचं नसेल तर नाही म्हणावंच लागेल ना.”

“तुमी लय सरळ हाव बगा. आमी तोंडावर न्हाई म्हणलोय का कवा कुणाला? एक तिसरं बटन टाका. ‘बघू’ म्हणून.”

सुकेशनीनं डोळे मिटून फोन दुसऱ्या कानाला लावला. तो शब्द तिच्या ओळखीचा होता. लग्नाआधी नोकरीसाठी पुण्याला जाऊ का, असं तिनं विचारलं होतं, तेव्हा माहेरी एकजणसुद्धा नाही म्हणाला नव्हता.

तिनं ‘बघू’ टाकलं. मग सगळ्यांना बटन दाबता यायला लागलं. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी निघाली, जिलेबी वाटून झाली, गणपती बसले, तरी प्रभातफेरीचं कार्ड आपलं ‘बघू’तच. सरांचा पुन्हा फोन आला.

“बोर्ड लय घाण दिसायलाय, मॅडम. अध्यक्षांना दाखवायचाय. साफ ठेवायची काहीतरी तजवीज करा.”

“कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत कार्ड ‘बघू’तच राहिलं, तर ते आपोआप बंद होईल, असं करू?” वैतागून बोलली ती. “पालकांना कार्यक्रम रद्द झाल्याचा मेसेजही आपोआप जाईल.”

तिला वाटलं होतं, आता तरी ते दचकतील.

“हे बेस झालं,” सर म्हणाले. “म्हंजी कुणाच्या अंगावर काहीच न्हाई.”

मेसेजचा मजकूरही तिनंच लिहिला. ‘कृपया नोंद घ्यावी’ ठेवावं की ‘क्षमस्व’, यावर तिचा बराच वेळ गेला. मग सगळे पासवर्ड कार्यालयाच्या हवाली करून ती मोकळी झाली. आता बोर्ड तिला नुसता दिसायचा, त्यावरचं कार्ड हलवता येत नव्हतं.

दिवाळीनंतर त्याच संस्थेच्या शाळेतल्या यशूच्या बालवर्गानं आजी-आजोबांचा मेळा ठरवला. पोरांनी शेतातलं एकेक पीक व्हायचं आणि आपापल्या आजीचा हात धरून स्टेजवर यायचं. यशू ऊस होणार होती. सरजाबाईंनी, तिच्या आजीनं, आपलं हिरवं पातळ कापून त्याची लांब पानं शिवली. सासूबाई शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. स्टेजवर पायात चप्पल ठेवायची का काढायची, हे त्यांनी सुकेशनीला दोनदा विचारून घेतलं होतं.

आदल्या दिवशी सकाळी सुकेशनीनं सहज बोर्ड उघडला. मेळ्याचं कार्ड तिसऱ्या, ‘बघू’च्या रकान्यात होतं.

तिनं लगेच फोन लावला.

“होऊन जाईल की, मॅडम,” सर म्हणाले. “कोण न्हाई म्हणायलंय?”

“मग सचिवांना मंजूर दाबायला सांगा ना, सर. दुपारी ते बंद पडेल.”

“साहेब जरा देवगाव फाट्याकडं गेलेत, लग्नाला. आल्यावर बघू.”

“सर, फोनवरूनही दाबता येतं. मीच तशी सोय केलीय.”

“आता मांडवात कुठं त्यांना बटनं दाबायला लावता, मॅडम?” ते हसले.

तिनं पुन्हा फोन लावला, तो कुणी उचलला नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, माझी काहीच हरकत नाही, पण वरून येऊ द्या की.

जेवणं उरकल्यावर सरजाबाईंनी यशूला स्टुलावर उभं केलं. तोंडात टाचण्या धरून त्या पानं सारखी करायला लागल्या.

“आज्जी, ऊस हसतो का गं?”

“वारं सुटलं की हसतो. तू हालू नको.”

सुकेशनीच्या फोनवर मेसेज वाजला. मजकूर वाचायची तिला गरज नव्हती. ‘क्षमस्व’ शेवटी होतं, तिनं ठेवलं होतं तिथंच.

सरजाबाईंनी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या.

“यशू,” सुकेशनी स्टुलाशी गुडघ्यावर बसली. “उद्याचा मेळा होणार नाही, बाळा.”

“टीचर नाही म्हणल्या?”

“नाही गं. त्यांना तर करायचाच होता.”

“मोठ्या मॅडम?”

“त्या पण नाही म्हणल्या नाहीत.”

“मग ते फोनवाले सर?”

सुकेशनीनं नकारार्थी मान हलवली. यशूच्या कमरेची टाचणी काढायला तिनं हात पुढं केला. पातळाची पानं सळसळली. यशू वरून तिच्याकडं बघत होती.

“मग मम्मी, नाही कोण म्हणलं?”