नाल्याकाठचं कुंकू

विहिरीभोवतीच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. जूचंद्राच्या अलीकडच्या त्या पाड्यात चंदनसार, तुळिंजहून रिक्षा भरभरून माणसं आली होती. भगव्या कफनीतल्या बाबाने विहिरीच्या पाण्याने परात भरली, वर चिमूटभर हळद सोडली. बघता बघता पाणी लाल!

"बघा, हळदीचं कुंकू! आई प्रसन्न झाली! प्या, न्हा, पोराबाळांना न्हाऊ घाला. शंका घेईल त्याचा वंश बुडेल!"

पाड्यातल्या जिजानेही हात जोडले. मग कडेवरच्या नातीला, निधीला पुढे केलं. आठवडाभर त्याच पाण्याने न्हाऊन पोरीची कातडी सोलवटली होती.

"बाबा, हिचं अंग जलतंय."

"पाप बाहेर पडतंय, आजी. आणखी न्हाऊ घाला."

चार वर्षांच्या पोरीचं पाप! जिजाच्या मस्तकात तिडीक गेली. ती तशीच शाळेतल्या मेघनाबाईंकडे गेली. बाईंनी निधीला चांगल्या पाण्याने धुऊन डॉक्टरकडे नेलं. परतताना त्यांनी विचारलं, "जिजामावशी, पाड्यात कुठल्या कुठल्या पाण्यात हळद लाल होते, कोणी पाहिलंय का?"

कोणी पाहिलं नव्हतं. आईची परीक्षा कोण घेणार?

रविवारी आईच्या देवळाच्या पटांगणात बायकांनी पाड्याचा नकाशा काढला, तोही रांगोळीने. इथल्या बायकांचा हात कागदापेक्षा जमिनीवर सरळ चालतो. घरं, विहिरी, बोअरिंग, नाला आणि नाल्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचे गाळे. घराघरातून वाटीभर पाणी आलं. त्यात हळद टाकायची. पिवळी राहिली तर घरावर पिवळा ठिपका, लाल झाली तर लाल.

ठिपके पडत गेले तशी बायकांची थट्टामस्करी थांबली. टेकडीकडची घरं पिवळी. खुद्द देवळाची विहीर पिवळी. लाल ठिपके तेवढे नाल्याच्या काठाने, गाळ्यांपासून थेट बाबाच्या विहिरीपर्यंत.

"अगं बाय," जिजा कडाडली, "आईला सोताच्या देवलात कुंकू नको, आनि गाल्याच्या गटारात बरं आवडलं!"

बाबा धावत आला. "पुसा ते! कोप होईल!"

"पाय तर लावून बघ!" जिजा आडवी उभी राहिली. मागे सगळ्या बायका.

मेघनाबाईंनी टेकडीकडच्या पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला आणि हळद टाकली. तेही लाल झालं. "गाळ्यांत कापड रंगवायला सोडा, कॉस्टिक असे क्षार वापरतात. ते पाणी नाल्यात सोडतात, तिथून झिरपून विहिरीत येतं. क्षाराने हळद लाल होते. त्याच क्षाराने निधीची कातडी गेली."

कालपर्यंत बाबासमोर लोकांच्या रांगा लावणारा जिजाचा दीर शत्रुघ्न पुढे आला. "याचा मांडव गालेवाल्यानंच दिलाय. त्याच्या टेम्पोतले बांबू मीच उतरवले. म्हनजे पानी त्यानं नासवायचं, आनि आमी वरडू नये म्हनून यानं हात जोडायला लावायचं!"

"माझी समाधीची वेळ झाली," म्हणत बाबा गाडीकडे सरकला.

"इथंच लाव की समाधी," जिजाने त्याची कफनी धरली, "पोलीस येईपरयंत!"

बाबाला पोलिसांनी नेलं, विहिरीवर पाड्याने फळ्या ठोकल्या. गाळे मात्र अजून चालू आहेत. नकाशाचे फोटो घेऊन बायका महापालिकेत खेटे घालतात, साहेब मीटिंगमध्ये असतात. बायका हटलेल्या नाहीत.

देव मानायचा त्याने मानावा. पण चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी डोकं वापरा. एवढंच विचारा: याच्या आड कोणाची घाण लपते आहे, आणि ती कोणाच्या पोराच्या अंगावर उठते आहे?