चिमाचा पांगुळगाडा

मित्रांनो, मी एक पांगुळगाडा आहे, आता जुना झालेला. तुम्ही पहिलं पाऊल टाकलंत ते माझ्याच एखाद्या भावंडाची दांडी धरून. चार महिन्यांत तुम्ही पळायला लागलात आणि ते भावंड माळ्यावर गेलं. माझं तसं झालं नाही. मला एका सात वर्षांच्या मुलीसाठी घडवलं होतं.

ही गोष्ट १९८२ सालची. कोकणातल्या खेडपासून दोन कोसांवरच्या वाडीत काशीराम सुतार राहत. भातकापणी उरकली होती. एक बाई मुलीला कडेवर घेऊन त्यांच्या दारात आली. मुलीचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

"काका, पांगुळगाडा करून हवाय," बाई म्हणाली. तिचं नाव विमला.

"बाळ केवढं हाय?" काशीरामांनी मान वर न करताच विचारलं.

"हीच. चिमा. सात वर्सांची."

काशीरामांनी रंधा खाली ठेवला. चिमाचे हातपाय जन्मापासून ताठ होते. मान डुगडुगत होती, लाळ गळत होती. पण डोळे मात्र रंध्याखालून निघालेल्या कुरळ्या सालपटांवर खिळले होते. काशीरामांनी एक सालपट तिच्या मुठीत दिलं. ती खदखदून हसली.

"गावातली मानसं काय म्हनतात?" त्यांनी विचारलं.

"म्हनतात, कशाला येडेपना करतेस."

"मग करूया."

फणसाच्या लाकडाचा मी तीनदा घडलो. पहिल्यांदा पुढे कलंडलो, दुसऱ्यांदा वळेना. तिसऱ्यांदा काशीरामांनी मला रुंद बैठक दिली, तीनऐवजी चार चाकं दिली, दोन्ही बाजूंना कठडे दिले. विमलाने जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला आणि चिमाची कंबर मला बांधली.

त्याआधी सात वर्षं चिमाने जग जमिनीवरून पाहिलं होतं. माणसांची पावलं, कोंबड्या आणि केरसुणी. माझ्यात उभी राहिल्यावर तिला अंगणाभोवतीच्या जांभ्या दगडाच्या गडग्यापलीकडचं दिसलं. तिथे रस्ता होता, आणि त्यावरून धुरळा उडवत एसटी चालली होती. चिमा अशी किंचाळली की विमला चुलीवरची पेज तशीच टाकून धावत आली. पोर रडत नाही, आनंदाने ओरडते आहे, हे कळल्यावर तिला इतकं हसू आलं की ती अंगणातच खाली बसली. पेज करपली. दोघींनी ती तशीच खाल्ली.

असे दिवस होते, मित्रांनो. एकदा एक कोंबडी माझ्या दांडीवर येऊन बसली. चिमाचे हात कधी तिच्या सांगण्यात नसत, आपोआप उडत. पण त्या सकाळी कोंबडी उडून जाऊ नये म्हणून तिने ते किती वेळ गच्च आवळून धरले! रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ती "ओ!" अशी हाक मारी. काही जण ओ देत. काही जण मान वळवून जात.

पण हसण्याचे असे क्षण थोडे आणि दिवस फार लांब. एक वेळचं जेवण भरवायला तास लागे. न्हाऊ घालणं, पुसणं, उचलणं, पुन्हा उचलणं. चिमाचा बाप आत्माराम मुंबईला छापखान्यात होता, वर्षातून दोनदा घरी येई. बाकी सगळं विमलाच्या कमरेवर.

चौऱ्याऐंशीच्या आषाढात माझ्या हातून घात झाला. लावणीचे दिवस होते. विमलाने चिमाला माझ्यात उभं केलं, मला सुंभाने पडवीच्या खांबाला बांधलं आणि ती समोरच्या शेतात गेली. थोड्या वेळाने आईचा आवाज ऐकून चिमाने सगळा जोर लावला. सुंभ पावसात कुजलेलं होतं. ते तुटलं, आणि मी चिमाला घेऊन पायरीवरून खाली गेलो. तिचं कपाळ दगडावर आपटलं. मी तिच्या अंगावर पडलो होतो आणि मला बाजूला होता येत नव्हतं.

खेडच्या डॉक्टरांनी पाच टाके घातले. परत आल्यावर विमलाने मला लाथेने गोठ्यात ढकललं. "तुलाच मी भुलले," एवढंच ती म्हणाली.

वर्षभर मी शेणाच्या वासात पडून होतो. गोठा आणि घर यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. तिच्या फटीतून मला दिसे. चिमा वाढत होती, जड होत होती. पाय पुन्हा आखडले होते. विमला तिला उचलून ठेवल्यावर भिंत धरून उभी राही.

एका दुपारी भरवता भरवता तिने वाडगा खाली ठेवला. "चिमे, मी दमले गो," ती म्हणाली. "आता दोघी निजूया. पुन्ना उठायलाच नको."

चिमाने बराच वेळ धडपड करून आपला भाताने माखलेला हात आईच्या तोंडाशी नेला. "खा," ती म्हणाली. अर्धा भात विमलाच्या नाकात गेला. विमला शिंकली, चिमा हसली, आणि मग विमलाही रडता रडता हसू लागली. त्या दिवशी दोघी जेवल्या. दुसऱ्या दिवशीचं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या गणपतीला आत्माराम आला. "मुंबईला एक संस्था हाय," तो म्हणाला. "अशा पोरांना ठेवून घेतात. मी बोलून आलोय."

विमलाने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तुजी कंबर बघ. आनखी किती वर्सं उचलशील?"

"न्या," विमला म्हणाली. "माज्यानं नाय होत आता."

निघायच्या दिवशी सकाळी चिमाच्या कपड्यांचं गाठोडं पडवीत होतं, पण चिमा नव्हती. ती कोपरांवर फरफटत गोठ्यात आली होती. कोपरं सोलली होती. तिने माझी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. आत्माराम तिची बोटं सोडवू लागला.

"उ... भी," चिमा म्हणाली. "उभी."

"काय बोलते ही?"

"उभी कर म्हनते," दारातून विमला म्हणाली.

आत्मारामने तिला उचलून माझ्यात उभं केलं. पट्टा कुजला होता, म्हणून त्याने खांद्यावरच्या पंच्याने तिला बांधलं. अंगणात चिखल होता. आखडलेल्या पायांनी चिमा सहा पावलं चालली. गडग्याशी पोचली, आणि मान सावरत बापाकडे वळली. "बा, बग."

त्याच वेळी एसटी आली, थांबली, दोनदा हॉर्न वाजला, आणि निघून गेली. आत्माराम चिखलात उकिडवा बसून राहिला. मग त्याने उठून गाठोडं सोडलं. दोन दिवसांनी तो एकटाच मुंबईला गेला.

विमला त्या दिवशी दोनदा रडली. एकदा पोर राहिली म्हणून, आणि एकदा ती आता पुन्हा आपल्यालाच उचलायची म्हणून.

मला तीन वर्षं आणखी मिळाली. आता एकोणनव्वद साल आहे. चिमा चौदा वर्षांची झाली. माझी दांडी तिच्या कमरेलाही पुरत नाही आणि तिचे पाय उभे राहत नाहीत. मी पडवीत असतो, माझ्यावर तिचे कपडे वाळतात. काल तिला कुशीवर वळवताना विमला मध्येच थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "माज्या मागं हिला कोन उचलनार?" चिमाने ते ऐकलं. मीही ऐकलं. मी लाकूड आहे, मला हात नाहीत.

पण मित्रांनो, तुम्हाला आहेत. शाळेत जाताना तुम्ही आमच्या गडग्यावरून डोकावता आणि पळता. पळू नका, आत या. विमला तुम्हाला दाखवील, चिमाला कसं उचलायचं ते. एक हात मानेखाली, दुसरा गुडघ्यांखाली. आधी तिला सांगायचं, मग उचलायचं. सोपं आहे. तुमच्यातल्या एकाने तरी शिकून ठेवा.