मातीला सिमेंट

गिलाव्याचा पापुद्रा नखाएवढाच, पण उलटून पाहिला तर मागून ओला... इंग्लंडातल्या डेव्हनच्या त्या टेकाडांवर तीन आठवडे थेंब नव्हता, आणि सायलस हॅनफर्ड काखेत झाडू धरून प्रार्थनाघराच्या उत्तरेकडच्या भिंतीशी उभा होता. बोटाच्या पेराने त्याने ठोकून पाहिलं. पोकळ. वीतभर खाली तर आवाजच नाही — भिजल्या पोत्यावर मारावं तसं.

पेंढा घालून गुरांच्या पायांखाली तुडवलेली लाल माती, सव्वाशे वर्षं उभी. बाप म्हणायचा, मातीच्या भिंतीला छपराची टोपी चांगली द्या, दगडी पायाचे बूट चांगले द्या, पणतवंडांना पुरेल. अंगाला मात्र चुन्याशिवाय काही लावू नका, तिला श्वास लागतो. बाप गेला, महायुद्ध संपलं, टेकडीखाली सरकारी घरं उठली, गुळगुळीत, कडक कोपऱ्यांची — आणि सायलसला देवाचं घर दरिद्री दिसू लागलं. सहा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हातांनी सिमेंट चढवलं. पाळकांनी भर प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं होतं. ते नाव — देवा, क्षमा कर — भजनाच्या ओळीपेक्षा जास्त वेळा त्याने मनात घोळवलं होतं.

आत मुरलेल्या पाण्याला बाहेर वाटच उरली नव्हती. भिंतीचा आतल्या आत चिखल होत होता.

उद्या सुगीची प्रार्थना. गावातली सगळी पोरं याच भिंतीलगत बसणार. सांगावं, तर दाराला कायमचं कुलूप. पंथाच्या वरच्या मंडळींना एवढी छोटी प्रार्थनाघरं नकोच होती. आणि मग कुठलं ते गाणं, चाळीस गळ्यांचं, छपराला भिडणारं... आणि सांगणार तरी काय? मीच केलं म्हणून?

त्याने बाकं मध्ये ओढायला घेतली. तेवढ्यात थर्झा, त्याची बायको, आलुबुखारांची टोपली घेऊन आली.

"भिंतीशी काय गुजगोष्टी चालल्यात? चाळीस वर्षांत माझ्याशी एवढं बोलला नाहीस."

"गारवा येतो इथून. पोरांना बाधेल."

"गारवा? तुझं सिमेंट असताना?" ती हसली, आणि बुटातला खडा काढायला त्याच भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, एका पायावर.

ती तशी उभी, आणि त्याने बाकाची कड धरून ठेवलेली. एक शब्द. थर्झा, बाजूला हो. तेवढाच. खडा पडला, तिने नाडी बांधली, ती दूर झाली. आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं — अगदी क्षणभर.

गाणारे जमले, पेटीवर कुणी सूर धरला, उद्याच्या गाण्याची तालीम सुरू झाली. एरवी सायलस डोळे मिटायचा. आज मिटवेनात. भिंत पडेल ही भीती सकाळपासून होतीच. पण आता तिच्याखालून दुसरी वर आली, थंडगार... उद्या नाही पडली तर? मग पुढच्या रविवारीही आपण असेच बाकं सरकवणार, गारव्याचं सांगणार, आणि गाणार.